भरलेलं लोखंड

३ फेब्रुवारी, मंगळवार

चि. खारूताईस बाबांचे पोटभर आशीर्वाद.

आधी घरातल्या सगळ्यांची हजेरी घेतो. तुझी पाठ कशी आहे? ऑफिसात खुर्ची बदलून दिली का, की अजून त्याच मोडक्या खुर्चीवर दिवस काढतेस? जावईबापूंची सर्दी गेली का? गेली असली तरी ती परत येईल, तिला तुमचं घर मानवलंय. विहीणबाईंचे गुडघे जिना चढू देतात का? आणि आमची भिंगरी? तिचे पुढचे दात पडायला लागले असतील. दात पडल्यावर ती कशी बोबडी बोलते ते जसंच्या तसं लिहून पाठव. अगदी उच्चारासकट.

माझी तब्येत ठणठणीत आहे. तू विचारलेली नाहीस, पण सांगून ठेवतो.

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं पत्र आणि त्यावर एवढं महागाचं तिकीट, तुझ्या आईने तुला चांगलंच फैलावर घेतलं असतं. तू लिहितेस, मी फोन उचलत नाही, उचललाच तर ‘हां, हां, ठीक आहे’ म्हणून ठेवून देतो. बोलायचं नसेल तर तसं सांगा, पुन्हा त्रास देणार नाही, म्हणतेस. अगं, त्रास कसला? हा बटणांचा फोन आता माझ्याइतकाच जुना झालाय. त्यातून आवाज येतो तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. त्यात रेंजचा लपंडाव. मेसेज पाठवतेस तर पडद्यावरची अक्षरं मोहरीएवढी. पत्राचं कसं, हातात धरता येतं, कळलं नाही तर पुन्हा वाचता येतं, आणि उशीखाली ठेवता येतं.

तुझी आई गेल्यापासून घर फार शांत झालंय. लोक सांगायचे, बायको गेली की घर शांत होतं, ते खायला उठतं. मी मान डोलवायचो, मनात म्हणायचो, काहीतरी वाढवून सांगतात. आता कळतंय, वाढवून सांगत नव्हते. मोरीतला नळ गळतो तोही गुपचूप गळतो. किटली उकळून कोरडी पडली की मला वासावरून कळतं. छताचा पंखा आठवतो? किती कुरकुरायचा, आणि आई रोज म्हणायची की दुसऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करता, घरच्या पंख्याला तेलाचा थेंब नाही. मी काही शेवटपर्यंत तेल घातलं नाही. तरी पंखा आता गप्प फिरतो. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईचं कामही बसलेलं दिसतं. तिच्या मशीनची घरघर महिनोन्महिने ऐकली नाही. विचारलं तर तिला वाईट वाटायचं, म्हणून विचारत नाही.

माझं काम मात्र चालू आहे. मागच्या गल्लीतला बॅटरीवाला तुला आठवत असेल, लहानपणी तू ज्याच्या दुकानासमोरून नाक दाबून पळायचीस तो. त्याच्या चार्जरचा ट्रान्सफॉर्मर जळला होता, मी नवा बांधून दिला. भंगारातल्या पोलादी पट्ट्या निवडल्या, घासल्या, एकावर एक रचून गाभा केला, आणि त्यावर जुन्यात होते तेवढेच तांब्याच्या तारेचे वेढे घातले. पूर्वी वेढे मोजायला तू असायचीस. मी हँडल फिरवायचो, तू स्टुलावर पाय हलवत मोठ्यांदा मोजायचीस आणि शंभर झाले की टाळी द्यायचीस. मधेच कुणी हाक मारली, दारात भांडण लागलं, तरी तुझा आकडा कधी चुकला नाही. आता मोजायला एक छोटं यंत्र आहे. बरोबर मोजतं, टाळी देत नाही.

झाल्यावर नेहमीची परीक्षा घेतली. लाकडी काठीचं एक टोक गाभ्यावर, दुसरं माझ्या कानाला. मीटर काहीही सांगो, मी आजवर कानाचंच ऐकत आलोय. चांगला ट्रान्सफॉर्मर झोपलेल्या मांजरासारखा घुरघुरतो, बिघडलेला असेल तर अनोळखी माणसावर कुत्रं गुरगुरावं तसा गुरगुरतो. हा बेटा घुरघुरलाही नाही आणि गुरगुरलाही नाही. इतका गप्प ट्रान्सफॉर्मर माझ्या हातून कधी झाला नव्हता. म्हातारपणी हात बसला म्हणायचा.

फोन नको करूस. पत्र लिही, आणि चार ओळींहून मोठं लिही.

तुझे बाबा

२२ फेब्रुवारी, रविवार

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून नाही. टपालाला वेळ लागतो हे मला कळतं, आणि तुला लिहायचं नसेल तर टपालाकडे बोट दाखवून उपयोग नाही हेही कळतं.

बॅटरीवाल्याचा ट्रान्सफॉर्मर जळला. आधीच्या पत्रात मी ज्याची टिमकी वाजवली होती तोच. दुकानात धूर झाला, एक टेबल काळं पडलं. कुणाला काही झालं नाही हे नशीब. बॅटरीवाला तडक इथे आला. दारातून काय काय बोलला देव जाणे, त्याच्या गळ्याच्या शिरा तेवढ्या दिसत होत्या. मग अगदी माझ्या नाकाजवळ येऊन म्हणाला, “काका, कानात बोळे घातले होते का? अख्खी गल्ली त्याची गुरगुर ऐकत होती, तुम्हालाच कशी ऐकू आली नाही?”

मी उघडून पाहिला. झालं होतं असं. गंजलेल्या पट्ट्या मी बाजूला काढल्या होत्या, त्यामुळे गाभा मूळच्यापेक्षा बोटभर बारीक झाला. उरलेल्या फटीत पुठ्ठ्याची पाचर ठोकली आणि तो घट्ट बसला म्हणून मी खूश. गाभा बारीक झाला तर वेढे वाढवायला हवेत, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी जुन्याइतकेच घातले. म्हणजे पाहुणे तेवढेच आणि खोली लहान.

लोखंड भरतं म्हणजे काय, हे तू लहानपणी एकदा विचारलं होतंस आणि मी घाईत होतो. आता सांगतो. पोलादात अगदी बारीक कण असतात, प्रत्येक कण म्हणजे एक इवलंसं चुंबक. एरवी प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, बाजारातल्या गर्दीसारखं. भोवतीच्या तारेतून वीज सोडली की ते एकेक करून एका दिशेला वळायला लागतात. थोडी वीज दिली की थोडे वळतात, जास्त दिली की जास्त. असं करता करता सगळे वळून होतात. त्यापुढे कितीही वीज ओत, चुंबक वाढलं तर केसभर वाढतं. जास्तीच्या विजेची नुसती आग होते आणि गुरगुर. पुस्तकात याला ‘संपृक्त होणं’ म्हणतात. तुझ्या आईला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे जेवलेल्याला आग्रह. मला ते पुस्तकापेक्षा बरं वाटलं.

तरुणपणी मला वाटायचं, लोखंड अडून बसलंय. मी त्याला शिव्या द्यायचो आणि आणखी वीज द्यायचो. पण ते अडून बसलेलं नसतं. त्यातला कण न् कण तुम्ही सांगितलेल्या दिशेला तोंड करून केव्हाचा उभा असतो. आणखी वळायला कुणी उरलेलं नसतं. बाहेरून मात्र ते हट्टी दिसतं.

आता राहिला बॅटरीवाल्याचा प्रश्न, की मला ऐकू कसं आलं नाही. काठी तडकली असावी. लाकूड जुनं झालं की आवाज नीट पोचत नाही. नवी करून घेतो.

परवा शिंपीणबाई खाली आल्या होत्या. त्या ओठांत टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं मला काही कळत नाही. म्हटलं, टाचण्या काढा आणि पुन्हा सांगा. त्यांनी टाचण्या काढून पदराला लावल्या आणि सांगितलं की तुझा त्यांना फोन आला होता. तू म्हणालीस म्हणे, आईच्या वेळी मला पोचायला उशीर झाला ते बाबांनी मनात धरलंय, आता मी फोन करणार नाही, त्यांची तब्येत तेवढी तुम्ही कळवत जा.

मी काही मनात धरलेलं नाही. एवढंच आज लिहितो. पुढचं लिहायला बसलो की पेन थांबतं.

बाबा

८ मार्च, रविवार

चि. खारूताईस,

आज तब्येतीची विचारपूस शेवटी करीन. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा पंख्याबद्दल आणि शिंपीणबाईबद्दल लिहून पाकीट बंद करीन.

मला ऐकू येत नाही.

थोडं कमी येतं असं नाही. समोरचं माणूस तोंडाजवळ येऊन बोललं तर निम्मं येतं, निम्मं मी त्याच्या ओठांवरून जुळवतो. पाठ फिरवली की संपलं. फोनला तर ओठच नसतात.

मला स्वतःला हे कळून फार दिवस झालेले नाहीत, आणि मला कळलं ते असं. काठी नवी केली. तिची परीक्षा घ्यावी म्हणून एक लहान ट्रान्सफॉर्मर टेबलावर घेतला आणि त्याला मुद्दाम झेपेल त्यापेक्षा विजेचा जास्त दाब दिला. आणखी वाढवला. आता लोखंड भरलं असणार, आता गुरगुरणार, म्हणून मी काठी कानाला लावून बसलो. काठी हाताला थरथरताना कळत होती. टेबलावरच्या कपात चहावर बारीक वलयं उठत होती. कानात काही नाही. मी म्हटलं, हीही काठी वाईट निघाली.

तेवढ्यात दारात शिंपीणबाई दिसल्या. वरून धावत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते.

मी बटण बंद केलं. त्यांनी हात खाली घेतले. मी पुन्हा चालू केलं, त्यांनी पुन्हा कान दाबले. त्यांना वाटलं असणार, म्हातारा चेष्टा करतोय. मी बंद करून त्यांना बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, तुमचं काम सध्या बसलंय का हो? त्या म्हणाल्या, एवढं काम आयुष्यात आलं नव्हतं, दिवसभर मशीन चालू असतं, तुम्हाला त्रास होतो का? मी म्हटलं, नाही, अजिबात होत नाही.

त्या गेल्यावर मी पंख्याखाली उभा राहिलो. स्टुलावर चढून त्याच्या दांड्याला हात लावला. तो पूर्वीसारखाच कुरकुरत होता, बोटांना चांगलं कळत होतं. नळाखाली हात धरला. तो टपटपत होता. मी इतके दिवस समजत होतो की ही तुझ्या आईची शांतता आहे. लोक सांगतात तीच.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. फोन वाजला की आईच उचलायची. कानाला लावून ऐकायची, मग माझ्याकडे तोंड करून सावकाश सांगायची, पोरगी म्हणतेय पगार वाढला, पोरगी म्हणतेय भिंगरी चालायला लागली. मी तिच्यामार्फत उत्तर द्यायचो आणि मला वाटायचं, मी तुझ्याशी बोललो. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे ती माझ्या अर्धं पाऊल पुढे असायची आणि वळून वळून बोलायची. लोक हसायचे, की बाईंना नवऱ्याचं तोंड पाहिल्याशिवाय बोलताच येत नाही. मीही हसायचो. माझा कान कधी बंद झाला हे मला कळू नये अशी तिने व्यवस्था केली होती. सरळ म्हणाली असती, की अहो, तुम्हाला ऐकू येत नाही, तर मी फाडकन उत्तर दिलं असतं की तुझाच आवाज बसलाय. हे तिला पुरतं ठाऊक होतं.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. दुपारी घरातली माणसं पांगली आणि तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, माझ्यासमोर नाही, शेजारी, आईच्या खाटेवर. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होतो. तू बोलत होतीस हे मला तुझ्या खांद्याच्या हलण्यावरून कळलं. बराच वेळ बोललीस. मग थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. म्हणजे तू काहीतरी विचारलं होतंस. मला वाटलं, आत्ता तोंड उघडलं आणि भलतंच बोललो तर? आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्यात आणखी काही मावत नव्हतं. मी उठलो आणि कामाच्या खोलीत जाऊन बसलो.

तू ते कसं घेतलंस हे शिंपीणबाईंकडून आत्ता कळतंय. तुझ्या जागी मी असतो तरी तसंच घेतलं असतं.

पोरी, त्या दिवशी तू जे बोललीस त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलेलं नाही. तुला आठवत असेल तर ते सगळं लिहून पाठव. विचारलंस तेही लिही. लिहावंसं वाटलं नाही तरी मी समजेन, पण एकदा हातात घेऊन वाचायला मिळालं तर बरं होईल.

सगळे बरे आहात ना? भिंगरीचा दात पडला का?

तुझे बाबा

११ एप्रिल, शनिवार

चि. खारूताईस, जावईबापूंस, विहीणबाईंस आणि दातपडक्या भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टमनने ते हातात देताना वजन करून पाहिल्यासारखं केलं. मी ते कामाच्या टेबलावर दिवा ओढून घेऊन वाचलं, मग खाटेवर बसून वाचलं, त्याच खाटेवर.

त्या दिवशी तू विमानाबद्दल बोलत होतीस हे मला आता कळलं. चुकलेल्या विमानाबद्दल, आणि दुसऱ्यात जागा मिळेपर्यंत तू बाकावर काढलेल्या रात्रीबद्दल. आणि शेवटी तू विचारलंस ते हे, की बाबा, आईने माझी वाट पाहिली का, माझ्यासाठी काही म्हणाली का? हे विचारल्यावर मी उठून निघून गेलो. वाचून माझ्याच पाठीत कळ आली.

आता उत्तर देतो. उशीर झालाय, पण उत्तर जसं होतं तसंच आहे.

शेवटी शेवटी आईचा आवाज गेला होता. नर्सबाई म्हणायच्या, त्या आता बोलू शकत नाहीत. येणारे जाणारे तिचा हात धरून उभे राहायचे आणि खाली मान घालून निघून जायचे. पण ती बोलत होती. आवाज नव्हता, ओठ हलत होते, आणि तिचे ओठ मी किती वर्षं वाचत आलो होतो हे मलाच ठाऊक नव्हतं. मला नर्सबाईंचं नवल वाटायचं. एवढी स्पष्ट बोलतेय आणि या म्हणतात बोलत नाही. सगळ्यांसाठी ती मुकी झाली, माझ्यासाठी शेवटपर्यंत बोलत होती.

तुझ्याबद्दल ती म्हणाली, “पोरीला सांगा, धावत येऊ नको. ती निघालीय हे मला माहीत आहे, तेवढं पुरे.”

वाट बघितली का, असं तू विचारतेस. मला वाटतं, वाट बघणाऱ्याला येणाऱ्याबद्दल शंका असते. तिला नव्हती. तुझं विमान चुकलंय हेही तिला कळलं नव्हतं. तिच्या लेखी तू वाटेतच होतीस. त्यानंतर ती आणखी एक वाक्य बोलली, ते माझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटणाबद्दल होतं. ते तुला देत नाही, ते माझं आहे.

हे मी तुला आपणहून सांगायला हवं होतं. एवढं मोठं तुझं तुझ्याजवळ पोचवायचं होतं आणि ते माझ्याजवळच पडून राहिलं.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, की लोखंडाचं पत्र आधी पोचलं आणि मला त्याचा राग आला, बाबांना एवढं सगळं सोडून लोखंडच बरं सुचतं. नंतरचं पत्र आलं तेव्हा ते पुन्हा काढून वाचलं, म्हणतेस. पुढे तू काही लिहिलेलं नाहीस, एक रेघ मारलीयस. मला रेघ पोचली.

आता थोडं हसण्यासारखं. शिंपीणबाई हात धुऊन मागे लागल्या म्हणून मी कानाच्या यंत्राच्या दुकानात गेलो. तिथली मुलगी तुझ्याच वयाची, बोलताना तोंड समोर ठेवते, त्यामुळे मला लगेच आवडली. यंत्र कानात बसवलं तर सगळं आलं, पण डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. मी म्हटलं, आवाज वाढव. ती म्हणाली, “आजोबा, वाढवून उपयोग नाही. तुमच्या कानाला हळू ऐकू येत नाही आणि मोठं सोसत नाही. मधली जागा उरलीय ती अगदी अरुंद. त्यापुढे ओतलं तर नुसता गोंगाट होईल.” मला हसू फुटलं. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, हा धंदा माझ्या ओळखीचा आहे.

मग तिने यंत्रावरचं एक बारीक बटण दाखवलं. ते दाबलं की यंत्र हवेतला आवाज घेत नाही, आजूबाजूचं चुंबक ऐकतं. आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं असतं, ते हे काम करतं. तारेच्या वेटोळ्यांत माझा जन्म गेला आणि हे मला माहीत नव्हतं. ते बटण दाबून मी रस्त्यावर आलो. माणसं सगळी गप्प. गाड्या गप्प. आणि विजेच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर माझ्या कानात मांजरासारखा घुरघुरला. मी तिथेच उभा राहिलो. इतक्या दिवसांनी माझ्याशी कुणी बोललं ते लोखंड.

तसाच बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याला मी दुसरा ट्रान्सफॉर्मर बांधून दिलाय, पूर्ण जाडीचा गाभा, पाचर नाही. त्याच्याजवळ कान नेला. बेटा घुरघुरत होता, गुरगुर नाही. बॅटरीवाला समोर येऊन, तोंड मोठं करून म्हणाला, “काका, आता काय सांगतोय तो?” म्हटलं, सांगतोय, मालकाने माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू नयेत. त्याने मुकाट्याने कप उचलले.

घरी येऊन मी एक उद्योग केला. तुझ्या आईच्या खुर्चीच्या पाठीभोवती तारेचे वेढे घातले, आणि फोनमधला आवाज एका लहानशा यंत्रातून त्या तारेत सोडला. खुर्चीत बसून कानाचं बटण दाबलं की फोनमधलं माणूस हवेतून न येता तारेतून थेट कानात. पहिल्यांदा मी सवयीने आवाज पूर्ण वाढवला, तर शब्दांचा चुराडा झाला. कमी केला, आणखी कमी केला, तेव्हा शब्द सुटे झाले. शिंपीणबाईंनी वरून फोन करून पाहिला. पहिलं वाक्य मला कळलं नाही. मी म्हटलं, टाचण्या काढा. दुसरं वाक्य कळलं. त्या म्हणाल्या, काढल्या होत्या हो आधीच. वरच्या मजल्यावरचं माणूस घरात बसून ऐकलं, खारूताई. खुर्चीतून उठवेना.

तेव्हा इतके दिवस लिहीत आलो, फोन करू नकोस, ते मागे घेतो. फोन कर. पण आधी पत्र लिही. कोणत्या दिवशी आणि किती वाजता करणार ते लिही, म्हणजे मी आधीच खुर्चीत जाऊन बसेन. आणि काय बोलणार आहेस तेही थोडं लिहून ठेव, म्हणजे पत्र मांडीवर ठेवून ऐकीन आणि जे गाळलं जाईल ते कागदावरून भरून घेईन. भिंगरीला फोनवर आण. तिचं बोबडं मला कळणार नाही, पण तिच्या आईचंही मला त्या वयात कळायचं नाही, तरी आमचं चाललं होतं. सावकाश बोला, ओरडू नका.

आणि फोनवर काही सुचलंच नाही, रडू आलं किंवा मीच गप्प बसलो, तर नुसते आकडे मोज. वेढे मोजायचीस तसे, एकापासून. आकडे मला ऐकू आले नाहीत तरी कळतील, कारण पुढचा कोणता येणार हे मला ठाऊक असतं. शंभरावर टाळी दे.

पंख्याला आज तेल घातलं.

या पत्राचं उत्तर लवकर लिही. पोस्टमन येतो तेव्हा दार वाजवतो, ते मला ऐकू येत नाही, म्हणून मी दार उघडंच ठेवून बसतो.

तुझे,
बाबा